चौथे हैबतराव

मोतीबिंदूच्या तपासणीसाठी मला ज्या इमारतीत जावं लागतं, तिथं पूर्वी सोनगलकरांचा बंगला होता. हाय ग्राउंड्सच्या चढावर, रेसकोर्सकडून येणारा रस्ता वळतो तिथं. आता तिथं उंच काचेची इमारत आहे, तळघरात गाड्या आणि मधल्या एका मजल्यावर डोळ्यांचा दवाखाना. नर्स डोळ्यांत थेंब घालते आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवते. "अम्मा, स्वल्प कूतकोळ्ळी," म्हणते, जरा बसा. हळूहळू समोरचं सगळं धूसर होत जातं. रस्त्यावरच्या मोटारी नुसते रंग होतात. कोपऱ्यातला विलायती शिरीष तेवढा ओळखू येतो, कारण तो तिथंच होता आणि त्याच्या फांद्यांची ठेवण मला पाठ आहे.

सोनगल हे नाव आता कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. धारवाडच्या पलीकडे काळ्या मातीच्या मुलखात एक गढी, एक तळं आणि भोवतालची थोडी गावं, एवढंच ते संस्थान. आमचं घर त्यांच्या भाऊबंदकीतलं, पण इतकं लांबचं की नातं सांगताना अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बोटांवर पिढ्या मोजत जावं लागे आणि मध्येच कुठंतरी त्यांचं बोट चुके. स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झालं. राजेसाहेब त्याच सुमाराला वारले. त्यांना मूल नव्हतं. राणीसाहेब गढीला कुलूप लावून बंगळूरच्या ह्या बंगल्यात राहायला आल्या.

आम्ही तेव्हा चिकपेटेत, एका साड्यांच्या दुकानाच्या माडीवर राहत होतो. अण्णा विमानांच्या कारखान्यात नकाशे काढायचे. सकाळी कारखान्याची बस येई, ती गल्लीत शिरू शकत नसे म्हणून ते डबा घेऊन चौकापर्यंत चालत जात. आम्ही तिघं भावंडं. दादा सगळ्यांत मोठा, मग मी, आणि माझ्या पाठचा वसंता. माडीवर दिवसभर नव्या कापडाचा खळीचा वास असे. खाली रेशमाचे गठ्ठे उलगडताना होणारा सळसळ आवाज जिन्यातून वर येई, आणि दुपारी दुकानातली माणसं जेवायला बसली की एकदम शांत होई. त्या शांततेत आई तांदूळ निवडायला बसे. वसंता तिच्या पाठीला पाठ लावून काहीतरी वाचत असे. त्याला भिंत चालत नसे, आईची पाठच लागे.

दसऱ्याला राणीसाहेबांनी शहरातल्या सगळ्या भाऊबंदांना बंगल्यावर बोलावलं होतं. आम्ही पहिल्यांदाच गेलो. मोठ्या दालनात गादी होती, तिच्यावर पांढरी चादर अंथरलेली. गादीवर बसायला कुणी नव्हतं, म्हणून चादरीवर एक तलवार ठेवली होती आणि तिलाच हळदकुंकू वाहिलं होतं. भिंतीवर ओळीनं तसबिरी. त्या घराण्यात दोनच नावं आलटून पालटून ठेवत, हैबतराव आणि मानाजीराव, त्यामुळं तसबिरींखाली पहिले, दुसरे, तिसरे असे आकडे होते. सगळ्यांच्या मिशा सारख्याच. वसंता तसबिरींसमोर बराच वेळ उभा राहिला आणि मागं कोण आहे हे न बघता त्यानं विचारलं, "ह्या मिशा खऱ्या काय हो?"

मागं राणीसाहेब होत्या. त्या म्हणाल्या, "पहिल्या दोघांच्या खऱ्या. पुढच्यांच्या चिताऱ्यानं बघून बघून काढल्या असाव्यात."

वसंता हसला. त्याही हसल्या. मला वाटतं तेवढ्यातच ते ठरलं.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी सकाळी त्या आमच्या घरी आल्या. खाली मोटार थांबली तेव्हा दुकानातली माणसं रस्त्यावर येऊन बघत राहिली. आमचा जिना लाकडी आणि उभा. त्या दोर धरून चढल्या. मागून त्यांचे म्हातारे कारभारी धापा टाकत आले. पांढरं सुती लुगडं, डोक्यावरून पदर, अंगावर दागिना नाही. त्या जवळून गेल्या की वाळ्याचा वास येई. अण्णांनी खुर्ची पुढं केली ती त्यांनी कारभाऱ्यांना दिली आणि स्वतः चटईवर बसल्या, आईच्या समोर.

"मी मागायला आले आहे," त्या म्हणाल्या. "राज्य नाही, फौज नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे. नाव आहे. ते माझ्या हातून संपू नये, एवढंच."

अण्णा उभेच होते. म्हणाले, "आपण आज्ञा करावी."

"आज्ञा नको. आणि तुम्हांला विचारतही नाही. ह्यांना विचारते." त्या आईकडे वळल्या. "तुमचा धाकटा मला द्याल? तुम्ही नको म्हणालात तर मी उठून जाईन. मनात काही धरणार नाही."

आईच्या पुढ्यात तांदळाचं सूप होतं. तिनं ते बाजूला केलं नाही. खडे काढत राहिली. खाली कुणीतरी लाकडी गजानं कापड मोजत होतं, त्याचा टक् टक् आवाज येत होता. मग आई म्हणाली, "त्याला वांगं चालत नाही. अंगावर पित्त उठतंय."

"आमच्याकडे वांगं शिजणार नाही."

"पावसाळ्यात कान दुखतोय त्याचा. कापूस घालून पाठवायला लागतंय. आपणहून घालत नाही तो."

"मी घालीन."

आईनं मान हलवली. तिची संमती ती एवढीच. ह्यापेक्षा जास्त ती त्या दिवशी बोलली नाही, आणि नंतर आयुष्यभर त्या सकाळबद्दल तिनं एक अक्षर काढलं नाही.

वसंताला संध्याकाळी अण्णांनी विचारलं. तो बारा वर्षांचा होता. माडीच्या कठड्याला टेकून उभा होता.

"जाणार काय रे त्यांच्याकडं राहायला?"

"मोटार आहे तीच काय?"

"तीच."

"अक्का येणार?" त्यानं माझ्याकडं बघून विचारलं.

"येत जाईल की."

तो खाली रस्त्याकडं वळला. मग कानडीत म्हणाला, "सरी," म्हणजे बरं.

दत्तविधान बंगल्याच्या मागच्या चौकात झालं. मला त्यातले मंत्र आठवत नाहीत, धूर आठवतो. तुपाचा, पळसाच्या समिधांचा, त्यात मिसळलेला मैसूर मल्लिगेच्या गजऱ्यांचा वास. बंगळुरातली थंडीची सकाळ होती. होमाजवळ बसलेल्यांना घाम येत होता आणि कडेला उभे राहिलेले आम्ही शालीत होतो. अण्णा आणि आई पाटावर बसले. वसंता दोघांच्या मध्ये, नव्या पीतांबरात, दंड उघडे, अंगावर काटा आलेला. भटजींनी सांगितलं तसं आईनं झारी धरली. अण्णांच्या हातून पाणी राणीसाहेबांच्या ओंजळीत पडलं. "दिला," अण्णा म्हणाले. भटजींनी आईकडं बघितलं. "दिला," आई म्हणाली. राणीसाहेबांनी त्याला उचलून मांडीवर घेतलं. बारा वर्षांचा मुलगा, त्याचे पाय मांडीवरून खाली जमिनीला टेकले होते. त्यांनी त्याच्या टाळूचा वास घेतला. विधीत तसं करायचं असतं. पण त्यांनी जरा जास्त वेळ घेतला.

मग नाव ठेवलं. मल्लप्पा म्हणून सोनगलहून आलेला एक चोपदार होता, उंच, वाकलेला, कानात भिकबाळी. हातातली चांदीची काठी आपटून त्यानं पहिल्यांदा ललकारी दिली. "श्रीमंत राजे सरलष्कर समशेरजंग हैबतराव महाराज सोनगलकर." त्याची जीभ कानडी, त्यामुळं समशेरजंगचं समशेरजंगु होई आणि सरलष्करातला ष्क कुठंतरी गळून पडे. चौथे हैबतराव डोक्यावरचा मंदील सावरत उभे होते. तो त्यांना मोठा होत होता.

आम्ही तिथून चालत घरी आलो. मोटार देऊ केली होती, अण्णा नको म्हणाले. घरी आल्यावर आईनं स्वयंपाक केला. ताटं मांडताना तिनं पाच पाट मांडले, मग एक उचलून भिंतीशी उभा केला. तो पाट पुढं कितीतरी दिवस तिथंच उभा होता. नंतर दादा त्यावर रेडिओ ठेवायला लागला.

त्यानंतर पुढच्या वर्षांत मी त्या बंगल्यात इतक्या वेळा गेले की त्याच्या खोल्या मला आमच्या घरापेक्षा जास्त आठवतात. फाटकातून आत शिरलं की लाल मातीची वाट, दोन्ही बाजूंना दाढीसारखी लोंबणारी हिरवी फर्न, मग पडवी. पडवीत एक पालखी ठेवलेली होती, तिच्यात माळ्याची मांजर वीत असे. आतल्या दालनाला डांबरगोळ्यांचा वास, मखमलीत मुरलेल्या जुन्या अत्तराचा वास, आणि दोन्हींच्या वर कॉफीचा, कारण स्वयंपाकीण हासनची होती आणि ती दिवसभर बिया भाजत असे. पहाटे रेसकोर्सवरचे घोडे सरावाला निघत. त्यांच्या टापा बंगल्यात स्पष्ट ऐकू येत. सुट्टीत मी राहायला गेले की जाग त्यानंच येई. वसंता म्हणायचा, "आमची फौज निघाली बघ."

त्याला मी वसंता म्हणत नव्हते. कुणीच म्हणत नव्हतं. राणीसाहेबांनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना सांगितलं होतं, शांतपणे, कुणाला न दुखवता. "नाव दिलं की ते वापरायचं. नाहीतर मुलाला कळत नाही आपण कुठं उभे आहोत." म्हणून तो राजे. नोकरांचा राजेसाहेब. माझ्यासाठी त्यांनी सूट ठेवली होती. "तुम्ही बहीण. भाऊबंदकीत बहीणच लागता. तुम्ही राजे म्हणा, पण अरेतुरे केलंत तरी आम्ही ऐकलं नाही असं धरू." त्यामुळं मी त्याला "राजे, तू" असं काहीतरी विचित्र म्हणायची. तो मला अक्काच म्हणायचा.

दुपारी जेवणानंतर वंशावळ असे. राणीसाहेब झोपाळ्यावर बसत, तो समोर सतरंजीवर. पहिले हैबतराव कोण, त्यांना सरलष्कर हा किताब कुणी दिला, समशेरजंग कुठल्या लढाईनंतर मिळाला, दुसऱ्या मानाजीरावांनी तळं का बांधलं. त्या सांगायच्या, तो परत म्हणायचा. चुकला की त्या रागवत नसत, त्या माणसाची एक गोष्ट सांगत. हे मानाजीराव घोड्यावरून पडायचे, पण कुणी बघितलं नाही असं धरून चालायचे. ह्या हैबतरावांना गोडाची इतकी आवड की फौज निघाली तरी एका उंटावर नुसती जिलबीची कढई. मग त्याला ते नाव चुकत नसे. मी खांबाला टेकून ऐकायची. आमच्याच कुळाची ती माणसं, पण आमच्या घरी अण्णांनी कधी त्यांची नावं घेतली नव्हती. अण्णांना त्यांच्या आजोबांपलीकडचं माहीत नव्हतं आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं.

पुढच्या दसऱ्याला गादीवर तलवार नव्हती, वसंता होता. दरबार भरला. दरबार म्हणजे कारभारी, चोपदार, मोटार चालवणारा, माळी, स्वयंपाकीण दाराआड, आणि आम्ही पंचवीसएक भाऊबंद. बाहेर रस्त्यावरून बस गेली की खिडक्यांच्या काचा थरथरत. मल्लप्पा ललकारी द्यायचा आणि एकेकानं पुढं होऊन तीन वेळा लवून मुजरा करायचा, रुमालावर रुपया धरायचा. राजे त्याला नुसतं बोट लावत, रुपया परत.

अण्णांची पाळी आली. त्यांनी कारखान्यातला कोट घातला होता, त्यांच्याजवळ तोच एक होता. ते पुढं गेले आणि लवले. जमिनीकडं हात, मग कपाळाकडं. वसंता गादीवरून उठायला लागला. राणीसाहेब शेजारी बसल्या होत्या. त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो बसला. अण्णा दुसऱ्यांदा लवले, तिसऱ्यांदा लवले. वसंताचे डोळे समोरच्या रुमालावर होते. त्यानं बोट लावलं ते रुपयाला नाही, अण्णांच्या तळहाताला.

परतताना अण्णा एवढंच म्हणाले, "कमरेत कळ आली. उद्या बसमधे उभं राहायला नको." दादानं पुढच्या दसऱ्यापासून यायचं बंद केलं. त्याला परीक्षा असे, किंवा ताप असे. अण्णा मात्र दर वर्षी गेले. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मीच लवलो नाही तर बाकीचे कशाला लवतील त्या पोराला?"

आईनं मुजरा केला नाही. राणीसाहेबांनीच तिला तो माफ केला होता. पण तो घरी यायचा, सणावाराला, मोटारीनं, तेव्हा त्याचे बूट जिन्यावर वाजले की आई हातातलं काम ठेवून उभी राही. "यावं राजे," म्हणे. तो बसला की मग ती बसे. त्याच्याशी बोलताना "आपण" म्हणे. बेळगावकडची माझी आई, जी भटजींनाही "तुम्ही जेवलासा काय" विचारायची, तिनं हे कुठून आणलं कुणास ठाऊक. सुरुवातीला तो गोंधळायचा, तिच्या पाठीशी जाऊन बसायचा. ती सरकून तोंड त्याच्याकडं करून बसे. मग त्यानंही ते सोडलं.

एका भाऊबीजेला मी ओवाळत असताना त्यानं हळूच विचारलं, "अक्का, माझी खाट कोण वापरतंय?"

"दादा."

"कुरकुरती काय अजून?"

"कुरकुरती की."

त्याला बरं वाटलेलं दिसलं.

त्याला टायफॉइड झाला तेव्हा तो शाळेच्या शेवटच्या वर्षात होता. बंगल्यावरची मोटार आईला न्यायला आली, मीही गेले. खोलीत फिनेलचा आणि मोसंब्याच्या सालींचा वास होता. राणीसाहेब पलंगाच्या एका बाजूला बसल्या होत्या. त्यांचा पदर डोक्यावरून ढळला होता, केस विंचरलेले नव्हते, आणि त्या आम्हांला बघून उठल्या नाहीत, फक्त पलीकडची बाजू हातानं दाखवली. "या. बसा इथं." आई दारातच थांबली होती. मग गेली आणि बसली. दोघी दोन बाजूंना. एक कपाळावरची घडी बदलत होती, दुसरी ती पिळून देत होती. मी खिडकीत बसले. त्याच्या कानांत कापसाचे बोळे होते. पावसाळ्याचे दिवस होते.

दुपार कलताना ताप चढला. तो बरळायला लागला, मान इकडंतिकडं करायला लागला, आणि मग स्पष्ट हाक मारली. "आईसाहेब."

राणीसाहेबांनी आईकडं बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, त्या घाबरल्या होत्या. आई वाकली, त्याच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि त्यांना म्हणाली, "तुम्हांला बोलवायलाय. हात धरा की त्याचा."

त्यांनी हात धरला. तो परत तेच म्हणाला, आणि मग शांत झाला.

आई त्याचा ताप उतरेपर्यंत रोज गेली. घरी येऊन रोज स्वयंपाक करत राहिली. एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाली, "बरं झालं बाई. मला वाटत होतं एकटा पडला असेल तिथं." मग भाकरी तव्यावर टाकली, आणि तिच्यावर पाणी फिरवायला विसरली. ती भाकरी कोरडी, भेगाळलेली झाली. तीच तिनं खाल्ली.

दवाखान्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या त्या शिरीषाखाली माझ्या लग्नाच्या आधी एक मांडव पडला होता, देवकार्याचा. लग्न चिकपेटेत झालं. वरातीची गर्दी, खाली दुकानं चालू, आणि त्यात नवऱ्या मुलाचा कान पिळायला भाऊ हवा होता. दादा होता. पण वसंता दारात येऊन थांबला होता, मंदील, कमरेला तलवार, मागं मल्लप्पा काठी घेऊन. त्याला कळेना की पुढं व्हावं की नाही. राणीसाहेब म्हणाल्या, "जा राजे. कान पिळायला राजा चालतो." माझ्या नवऱ्याचा कान त्यानं असा पिळला की तो दोन दिवस लाल होता.

राणीसाहेब गेल्या तेव्हा वसंता कॉलेज संपवून एका कॉलेजातच रसायन शिकवायला लागला होता. त्यांना ते आवडलं होतं. "आमच्या घराण्यात ह्याआधी कुणी दुसऱ्याला काही शिकवलेलं नाही," त्या म्हणायच्या. कॉलेजात त्याला सगळे एच. राव म्हणत. बंगळुरात राव पुष्कळ. त्याच्याबरोबरच्या एका प्राध्यापकांना वाटायचं हे उडुपीकडचे ब्राह्मण, मठात जाणारे. त्यानं कधी दुरुस्त केलं नाही.

राणीसाहेब सकाळच्या वेळी गेल्या, कॉफीचा पेला हातात असताना. वसंतानं त्यांना अग्नी दिला. केस, मिशी उतरवली. इतक्या वर्षांत त्यानं हौसेनं वाढवलेली ती मिशी, तसबिरीतल्या सगळ्यांच्यासारखी. तो परत आला आणि पडवीत पालखीला टेकून बसला आणि रडला, मोठ्यानं, लहान मुलासारखा, आम्हां सगळ्यांच्या देखत. आई तिथं होती. ती त्याच्याजवळ गेली नाही. माझा हात धरून उभी राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "आई गेली की माणूस असंच रडतंय. रडू दे त्याला." आणि आत जाऊन स्वयंपाकिणीला चूल पेटवू नको म्हणून सांगितलं, घरून पिठलंभात करून आणायला दादाला पाठवलं.

किताब जाणार, संस्थानिकांची मान्यता काढून घेणार, असं त्या सुमाराला पेपरांत यायला लागलं. आधी चर्चा, मग बराच काळ काही नाही, मग परत चर्चा. वसंता ते वाचायचा आणि घडी घालून ठेवायचा. बंगला ठेवणं त्याच्यानं होणार नव्हतं, ते त्यानं राणीसाहेबांच्या वर्षश्राद्धानंतरच ठरवलं होतं. एकेक खोली बंद होत गेली. तसबिरी सोनगलच्या देवळात गेल्या. मल्लप्पा गावी गेला, जाताना काठी ठेवून गेला. शेवटच्या दिवशी त्यानं विचारलं, "आता एकदा म्हणू का?" आणि वसंता नको म्हणाला, आणि मग म्हणाला, "म्हणा." रिकाम्या दालनात त्याचा आवाज इतका घुमला की माळी धावत आला. समशेरजंगु.

मग दिल्लीत खरोखरच तो कायदा झाला आणि देशातला शेवटचा राजा राजा राहिला नाही. अण्णा तोवर निवृत्त झाले होते. आम्ही जयनगरला छोटं घर बांधलं होतं. मी माहेरपणाला आले होते. रविवार होता. फाटकाशी रिक्षा थांबली आणि वसंता उतरला, साध्या पँट-शर्टात, हातात चिकूंची पिशवी. मोटार त्यानं विकली होती. आई स्वयंपाकघरात होती. पायरीवर त्याचं पाऊल वाजलं तशी ती उठली, पदर सारखा केला, दारात आली.

"यावं राजे. बसावं आपण."

तो बसला नाही. पिशवी खाली ठेवली. "आता राजे नको," तो म्हणाला. "पेपरात आलंय. कायद्यानंच गेलं सगळं."

"कायद्याचं मला काय कळत नाही," आई म्हणाली. "मी काय कायदा बघून म्हणत नव्हते."

"तरी. आता वसंता म्हण."

अण्णांनी पेपर खाली केला. मी दाराशी उभी होते. आई त्याच्याकडं बघत होती. तिशी ओलांडलेला, कपाळ मोठं झालेला, परत मिशी वाढवलेला माणूस. तिचे ओठ हलले. तिनं म्हणून बघितलं असावं, मनातल्या मनात. मग तिनं मान हलवली.

"नाही यायचं ते मला," ती म्हणाली. "वसंता बारा वर्षांचा होता. तो त्यांना दिला मी. पाणी सोडून दिला. त्यांनी काय कमी केलं नाही, आता त्या नाहीत म्हणून मी परत घेऊ काय? हे असं बरं दिसत नाही."

"मग काय म्हणणार मला?"

त्याचा आवाज नेहमीचाच होता, वर्गात प्रश्न विचारावा तसा. पण तो उत्तरासाठी थांबला होता. खुर्चीच्या पाठीवर त्याचा हात होता आणि बोटं घट्ट झाली होती. त्याला म्हणायला आता कुणी नव्हतं. आईसाहेब नव्हत्या, मल्लप्पा नव्हता. कॉलेजातल्या लोकांना त्याचं पूर्ण नाव माहीत नव्हतं.

आई आत गेली. आम्हांला वाटलं झालं, आता ती येणार नाही. आतून पितळेची ताटं काढल्याचा आवाज आला, मग पाट सरकवल्याचा. भात उतरवल्याची वाफ दारापर्यंत आली. अण्णांनी चष्मा काढून पुसला. वसंता तसाच उभा होता.

मग आईनं हाक मारली. इतकी वर्षं कुणी त्या नावाला हात लावला नव्हता, पुढं मागं काही जोडल्याशिवाय. अण्णांनी नाही, मी नाही, राणीसाहेबांनीसुद्धा नाही.

"हैबता," ती म्हणाली, "हात धुऊन घे की रे. वाढलंय."